देशाची शर्यत, चेन्नईचा ट्रॅक

टीव्हीएसने डिसेंबर 2021 मध्ये अपाची आरटीआर 165 आरपी ही मोटारसायकल बाजारात आणली. गाड्या फक्त 200. इंजिन 164.9 सीसी. कंपनीकडे 160 ची अपाची होती, 180 ची होती, 200 चीही होती; मग हे मधलं अपत्य कशासाठी, असा प्रश्न शोरूममध्ये डोकावणाऱ्याला पडला असेल. रेसिंगमधल्या माणसाला तो पडला नाही. आपल्या राष्ट्रीय मोटारसायकल रेसिंग अजिंक्यपद स्पर्धेतल्या एका महत्त्वाच्या वर्गाची मर्यादा 165 सीसी आहे, आणि 164.9 हा आकडा त्या रेषेला नाक लावून उभा आहे.

ही स्पर्धा कशी चालते हे समजून घ्यायला 200 गाड्यांची ही गोष्ट बरी पडते. आपल्याकडे रेसचे वर्ग बाजारात काय विकलं जातं ते पाहून ठरतात, आणि जमेल तेव्हा कंपनीही वर्ग पाहून गाडी कातते. या दोघांच्या मधे एक महासंघ आहे, एक जुना क्लब आहे, आणि पदरमोड करून उन्हात उभी राहणारी बरीच माणसं आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्पर्धा शिस्तीत चालते. पण राष्ट्रीय म्हणावी इतकी ती देशभर पसरलेली नाही. त्याला रायडरांची उणीव कारणीभूत नाही. अडलं आहे ते जमिनीपाशी.

एखाद्या रेसला 'राष्ट्रीय अजिंक्यपद' हा दर्जा देण्याचा अधिकार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयकडे आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता असलेला हा महासंघ दुचाकींसाठी एफआयएम या जागतिक संघटनेशी आणि चारचाकींसाठी एफआयएशी जोडलेला आहे. नियमावली ठरवणं, कार्यक्रमाला परवानगी देणं, रायडरला स्पर्धा परवाना देणं आणि वाद हाताबाहेर गेला तर अपील ऐकणं ही त्याची कामं. प्रत्यक्ष रेस भरवतो तो क्लब. गेली अनेक वर्षं हा क्लब म्हणजे 1953 साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब, आणि स्पर्धेच्या नावाला पुढे जोडलेला प्रायोजक म्हणजे चेन्नईचीच एमआरएफ.

रायडरच्या हातातला स्पर्धा परवाना आणि आरटीओचं लायसन्स यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. स्पर्धा परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, वयाचा पुरावा लागतो, मुलगा किंवा मुलगी अल्पवयीन असेल तर पालकांची सही लागते, आणि ट्रॅकवर प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे दहावीतला मुलगा, ज्याला घरासमोरच्या गल्लीत बापाची बाइक चालवायची कायद्याने मुभा नाही, तो बंदिस्त ट्रॅकवर ताशी दीडशेच्या आसपास धावू शकतो. ही विसंगती वाटते, पण जगभर असंच आहे. सार्वजनिक रस्त्यावर मात्र राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय वेगाची शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. रविवारी सकाळी ताम्हिणी घाटात जे चालतं, त्याचा या खेळाशी काडीचाही संबंध नाही.

आता जमिनीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनभर विमानांच्या धावपट्ट्या झाल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कितीतरी रिकाम्या पडल्या आणि हौशी मंडळींनी तिथे गाड्या पळवायला सुरुवात केली. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, थ्रक्स्टन हे आजचे नावाजलेले ट्रॅक मुळात विमानतळ होते. आपल्याकडेही नेमकं हेच घडलं. मद्रासच्या उत्तरेला शोळावरमची युद्धकालीन धावपट्टी होती. तिच्यावर क्लबने रेस सुरू केल्या आणि पुढची तीन दशकं दक्षिणेतला मोटर स्पोर्ट त्या धावपट्टीवर वाढला. फरक एवढाच, की ब्रिटनमध्ये अशा धावपट्ट्यांचे कायमचे ट्रॅक झाले आणि शोळावरम शेवटपर्यंत दुसऱ्याची जागा राहिली. मागून घ्यायची, गवताच्या गासड्या आणि पिंपं मांडायची, रेस उरकायची, आवरून परत करायची.

म्हणून क्लबने स्वतःची जमीन घेतली. चेन्नई-बंगळुरू महामार्गालगत इरुंगाट्टुकोट्टई इथे, 1990 च्या सुमारास. तेव्हा आजूबाजूला फारसं काही नव्हतं. नंतर शेजारी ह्युंदाईचा कारखाना आला, औद्योगिक वसाहत वाढली. 3.7 किलोमीटरचा, बारा वळणांचा हा ट्रॅक आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट या नावाने ओळखला जातो. वळणांना इथे 'सी 1', 'सी 2' असं म्हणतात, आणि पॅडॉकमध्ये कुणी कुठे पडला हे याच भाषेत सांगितलं जातं. एका हौशी क्लबने सभासदांच्या जोरावर स्वतःच्या मालकीचा ट्रॅक उभारणं आणि तो तीस वर्षांहून अधिक काळ चालू ठेवणं ही भारतीय क्रीडाक्षेत्रातली मोठी कामगिरी आहे. तिची हवी तेवढी वाखाणणी झालेली नाही.

दुसरा ट्रॅक कोईम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला. 1995 मध्ये विमान अपघातात गेलेल्या एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ उभारलेला करी मोटर स्पीडवे. लांबी 2.1 किलोमीटर, आखूड आणि वळणावळणाचा. मोठ्या इंजिनाच्या गाडीला तिथे पाय मोकळे करायला जागा कमी, पण शिकणाऱ्यासाठी उत्तम. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, 5.125 किलोमीटरचा. फॉर्म्युला वनसाठी 2011 मध्ये झालेला, तीन हंगामांनंतर ती गेली. सप्टेंबर 2023 मध्ये तिथे मोटोजीपी झाली, मार्को बेझेक्की जिंकला, आणि 2024 ची फेरी रद्द झाली. ट्रॅक जागतिक दर्जाचा आहे यात वाद नाही. पण त्याचं भाडं आणि अंतर दोन्ही 165 सीसीच्या वर्गात धावणाऱ्या खासगी रायडरच्या खिशाबाहेरचं.

तेव्हा हंगाम कसा असतो? साधारण जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर, चार-पाच फेऱ्या. बहुतेक चेन्नईत, एखादी कोईम्बतूरला. ब्रिटिश सुपरबाइक स्पर्धा ब्रँड्स हॅच, डॉनिंग्टन, ऑल्टन पार्क, कॅडवेल पार्क अशी फिरत राहते. जपानची राष्ट्रीय स्पर्धा सुझुका, मोतेगी, सुगो, ऑटोपोलिस असा दौरा करते. फिरत्या स्पर्धेत रायडरला नवं वळण, नवा उतार, नवं डांबर वाचावं लागतं. आपला विजेता एकच ट्रॅक तोंडपाठ करून विजेता होतो. मग आशियाई स्पर्धेत सेपांगला किंवा बुरिरामला गेल्यावर शुक्रवारच्या सरावाचा अर्धा वेळ वळणं ओळखण्यातच जातो. भारतीय रायडर बाहेर मागे का पडतात यावर चर्चा होते तेव्हा शारीरिक तंदुरुस्ती, लहान वयातली सुरुवात, मोठ्या गाड्यांचा अभाव ही कारणं पुढे येतात. ती खोटी नाहीत. पण ट्रॅकच्या तुटवड्याचं कारण मला त्या सगळ्यांपेक्षा वजनदार वाटतं.

वर्गांची रचना वरवर पाहता गुंतागुंतीची आहे. सर्वांत वर प्रो-स्टॉक 301 ते 400 सीसी, मग प्रो-स्टॉक 165 सीसी, खाली नवोदितांचा वर्ग आणि मुलींचा स्वतंत्र वर्ग. 'स्टॉक' म्हणजे गाडी जवळपास शोरूममधून आली तशी. 'प्रो-स्टॉक' म्हणजे इंजिन, एक्झॉस्ट, सस्पेन्शनमध्ये नियमावली परवानगी देईल तेवढे बदल. या मर्यादा आभाळातून पडलेल्या नाहीत. यामाहाची आर15 आहे 155 सीसी, अपाची 160 च्या घरात. दोघींना एका रांगेत उभं करायचं तर 165 ही सोयीची रेघ. केटीएमची आरसी 390 आहे 373 सीसी, टीव्हीएसची आरआर 310 आहे 312 सीसी. म्हणून 301 ते 400. सहाशे किंवा हजार सीसीच्या सुपरबाइकचा वर्ग या रचनेच्या केंद्रस्थानी नाही, कारण तशा गाड्या आपल्याकडे विकल्या जातात त्या हौसेखातर आणि लाखोंच्या भावात. पडली तर फेअरिंगच्या एका तुकड्याला जो खर्च येतो त्यात 165 च्या वर्गातला मुलगा अख्खी फेरी धावेल.

याच्या जोडीला, त्याच शनिवार-रविवारी, त्याच ट्रॅकवर कंपन्यांच्या वन-मेक स्पर्धा चालतात. टीव्हीएसची अपाची गाड्यांची स्पर्धा, होंडाची टॅलेंट कप स्पर्धा. वन-मेकमध्ये गाडी सर्वांना सारखी, मेकॅनिक कंपनीचा, टायर कंपनीचा. मुलगा हेल्मेट आणि लेदर सूट घेऊन येतो आणि प्रवेश शुल्क भरतो. गरिबाच्या नाही, पण मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात येणारा हा एकमेव रस्ता. होंडाच्या कपात एनएसएफ250आर ही खरीखुरी रेसची गाडी मुलांच्या हाती दिली गेली, जी रस्त्यावर चालवताच येत नाही. भारतीय रेसिंगमध्ये गेल्या काही वर्षांत झालेल्या चांगल्या गोष्टींत मी हिला बरीच वरची जागा देईन.

शुक्रवारी स्क्रुटिनी असते, म्हणजे तांत्रिक तपासणी. सगळ्या आयोजनातला हा भाग बघण्यासारखा. शेडमध्ये गाड्या रांगेने लागतात. स्क्रुटिनीअर आधी उकिडवा बसून इंजिनखाली बघतो: ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून त्यातून बारीक स्टीलची तार ओवलेली आहे ना, आणि ती तार बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनेच पिळली आहे ना. उलट पिळली असेल तर परत पाठवतो. थरथरीने बोल्ट सैल झाला आणि शंभर मिलिलिटर तेल वळणावर सांडलं तर मागून येणारे सहा-सात जण एकावर एक पडतात, हे त्याने पाहिलेलं असतं. म्हणूनच इंजिनखाली बेली पॅन हवं, गळालेलं तेल त्यात साठावं. रेडिएटरमध्ये कूलंट नको, साधं पाणी हवं, कारण कूलंट सांडलं की डांबर तुळतुळीत होतं आणि लवकर वाळत नाही. साइड स्टँड, आरसे, इंडिकेटर काढलेले हवेत. ब्रेक आणि क्लचच्या लीव्हरची टोकं गोल हवीत, नाहीतर पडणाऱ्याच्या पोटात घुसतात. मग रायडरची पाळी. सूट एकसंध लेदरचा, पाठीला प्रोटेक्टर, हातमोजा सूटच्या बाहीवर चढलेला. हेल्मेट उलटं करून आतला शिक्का वाचतात, कवचावर तडा आहे का ते अंगठ्याने दाबून पाहतात. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून नवं दिसलं तरी बाद. नव्या मुलाचा बाप इथे हमखास हुज्जत घालतो, महागाचं आहे म्हणून. स्क्रुटिनीअर ऐकून घेतो आणि पुढच्याला बोलावतो.

रेसनंतर हीच मंडळी दुसऱ्या भूमिकेत येतात. पहिल्या काही क्रमांकांच्या गाड्या पार्क फर्मेमध्ये, म्हणजे कुणीही हात लावायचा नाही अशा कुंपणात ठेवल्या जातात. वजन, पेट्रोल, एक्झॉस्ट तपासतात, आणि संशय असेल किंवा कुणी शुल्क भरून लेखी हरकत घेतली असेल तर इंजिन खोलून बोअर आणि स्ट्रोक मोजतात. ट्रॅकवर जिंकलेला रायडर संध्याकाळी कागदावर हरला, असं यातून घडतं. जगभर घडतं. हरकत घेण्याची मुदत मिनिटांत मोजली जाते, त्यामुळे निकालाचा कागद फलकावर लागला की टीम मॅनेजर आधी घड्याळ बघतो, मग निकाल.

या सगळ्यावर दोन वेगळ्या खुर्च्या असतात आणि बाहेरून पाहणारे त्यांची गल्लत करतात. क्लर्क ऑफ द कोर्स रेस चालवतो: कधी सुरू करायची, कधी थांबवायची, पाऊस आला तर काय. स्टुअर्ड रेस चालवत नाहीत. नियम पाळले गेले का ते पाहतात आणि दंड ठोठावतात. हे दोन अधिकार एकाच माणसाकडे नसणं हा या खेळाचा शहाणपणा आहे. आपल्या कितीतरी क्रीडा संघटनांना तो अजून परवडलेला नाही.

पण रेस खऱ्या अर्थाने चालवतात ते मार्शल. वळणावळणाच्या ठाण्यावर उभे, बहुतेक स्वयंसेवक: कॉलेजची मुलं, गॅरेजवाले, बँकेत नोकरी करणारे, जुने रायडर. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, कुणाला ओलांडायचं नाही. पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांचा म्हणजे ट्रॅक निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत नंबर म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, बाजूला हो. लाल म्हणजे सगळंच थांबलं. रायडर पडला की झेंडा आधी, मग धाव. आणि धावतानाही येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नाही. माणूस, गाडी आणि सांडलेलं तेल, तिन्ही काही सेकंदांत हलवायचं असतं. जनावरंही येतात. 2011 मध्ये बुद्ध सर्किटवर पहिल्या भारतीय ग्रां प्रीच्या पहिल्याच सराव सत्रात कुत्रं ट्रॅकवर आलं आणि सत्र थांबवावं लागलं. साऱ्या जगाने ते टीव्हीवर पाहिलं आणि हसून घेतलं. चेन्नईच्या मार्शलांना त्यात नवल वाटलं नसावं.

5 ऑगस्ट 2023 ला मात्र या सगळ्या यंत्रणेला जोरदार धक्का बसला. राष्ट्रीय स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत नवोदितांची रेस सुरू होऊन काही क्षणच झाले होते. पहिल्या वळणातून बाहेर पडताना बंगळुरूचा 13 वर्षांचा रायडर पडला. रेस लाल झेंड्याने थांबली, रुग्णवाहिका ट्रॅकलगतच होती, मुलाला रुग्णालयात नेलं. तो वाचला नाही. क्लबने उरलेल्या रेस रद्द केल्या. त्या मुलाने त्याच दिवशी पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीच्या ग्रिडवरची सर्वांत पुढची जागा, घेतली होती. तो नवशिका म्हणून पडला असं म्हणून सुटता येत नाही.

त्यानंतर दोन टोकांची मतं ऐकू आली. एक, एवढ्या लहान मुलांना ट्रॅकवर आणूच नये. दुसरं, स्पेन आणि इटलीत सहा-सात वर्षांची पोरं मिनी बाइक चालवतात, आपण तेरालाही बंदी घातली तर कधीच कुणी घडणार नाही. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. स्पेनचं पोर सातव्या वर्षी चालवतं ती गाडी लहान, ट्रॅक कार्टिंगचा, वेग बेताचा. वय आणि गाडी एकेक पायरीने सोबत चढतात. आपल्याकडे मधल्या पायऱ्याच विरळ आहेत. मुलगा थेट प्रौढांसाठी बांधलेल्या 3.7 किलोमीटरच्या ट्रॅकवर येतो, जिथे सरळ पट्टी लांब आहे आणि पहिल्या वळणाला वीस-पंचवीस गाड्या एकदम पोचतात. प्रश्न वयाचा जितका आहे तितकाच तो एका ग्रिडवर किती जण असावेत याचाही आहे. 2021 मध्ये युरोपात किशोरवयीन रायडरांचे लागोपाठ मृत्यू झाले तेव्हा जागतिक संघटनेने याच दोन गोष्टींना हात घातला: ग्रां प्रीसाठी किमान वय 18 केलं आणि तरुणांच्या स्पर्धांत ग्रिडवर जास्तीत जास्त 30 गाड्या ठेवल्या. आपल्याकडे कार्टिंगच्या छोट्या ट्रॅकवरची मिनी बाइक रेसिंग रुजली तर चेन्नईच्या पहिल्या वळणावरचा भार कमी होईल. त्याला फार जमीनही लागत नाही.

पैशाचं बोलायचं तर चित्र सोपं आहे आणि काहीसं उदास करणारं. फॅक्टरी टीम कायमस्वरूपी म्हणावी तर टीव्हीएस रेसिंगची, 1982 पासून. जगन कुमारसारखा अनेक वेळचा राष्ट्रीय विजेता तिथेच घडला. होंडा आणि यामाहा कधी जोरात आल्या, कधी हात आखडता घेतला. खासगी टीममध्ये रजनी कृष्णन यांची आरएसीआर हे ठळक नाव: स्वतः कितीदा तरी विजेता झालेला माणूस, अकादमी चालवतो, मुलं तयार करतो. कंपनीने एखादा वर्ग सोडला की तो वर्ग ओस पडतो. मग महासंघ पुढच्या वर्षी वर्ग बदलतो. बक्षिसाच्या रकमेवर इथे कुणी जगत नाही. कंपनीचा करार मिळाला तर पगार, नाहीतर अकादमीत शिकवणं, टायर कंपनीसाठी टेस्टिंग, किंवा घरचा धंदा. तिकिटं आणि प्रक्षेपणातून येणाऱ्या पैशांचा हिशोब मांडावा असं काही नाही. सरकारी पैसा आलाच तर चारचाकीकडे वळतो; ऑगस्ट 2024 च्या अखेरीस चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सभोवती रस्त्यांवर रात्रीची कार रेस झाली, तमिळनाडू सरकारच्या पुढाकाराने. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती असलेल्या तसल्या ट्रॅकवर मोटारसायकलींची रेस सुरक्षितपणे घेता येत नाही. मोटर स्पोर्टला पहिला अर्जुन पुरस्कार 2019 मध्ये मिळाला, तोही रॅली कार चालवणाऱ्या गौरव गिलला.

महाराष्ट्राचं काय? गाड्या बनवण्यात पुणे देशात पहिल्या रांगेत, आकुर्डी आणि चाकण ही नावं दुचाकीच्या जगात कुणाला सांगावी लागत नाहीत. पण डांबरी ट्रॅकवरच्या मोटारसायकल रेसिंगला राज्यात राष्ट्रीय फेरी घेता येईल असं एकही सर्किट नाही. आपली आवड मातीकडे गेली. पुणे आणि नाशिकला मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसची जुनी परंपरा. जानेवारी 2024 मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीच फेरी बालेवाडीत झाली आणि स्टेडियमला गर्दीही जमली. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात, म्हणजे सरळ रेषेत, वळण नाही. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे. यापलीकडे ज्याला गुडघा घासत वळण घ्यायचं आहे त्याने चेन्नई गाठायची. पुण्याच्या सार्थक चव्हाणने तेच केलं. होंडाच्या एनएसएफ250आर वर्गातून पुढे येऊन तो टीव्हीएस रेसिंगकडून धावू लागला. त्याच्या मागे असलेल्या मुलांपुढे हजार-अकराशे किलोमीटरचा प्रवास आहे, शाळेच्या रजेचे अर्ज आहेत, आणि हंगामभर पालकांपैकी एकाने नोकरीतून वेळ काढणं आहे.

बजाजने टीव्हीएससारखी फॅक्टरी टीम वर्षानुवर्षं राष्ट्रीय स्पर्धेत उतरवली नाही. तो त्यांच्या धंद्याचा निर्णय, आणि धंदा त्यांचा उत्तम चालला आहे. चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या आरसी 390 वर मात्र गेल्या दशकात खासगी रायडरांनी 301 ते 400 चा वर्ग गाजवला. कंपनीने स्वतःच्या आरसी कपसाठी रायडर शहराशहरांतून निवडले. जानेवारी 2023 मध्ये त्या कपची अंतिम फेरी झाली, तीही इरुंगाट्टुकोट्टईलाच.